सल्ला हवा: आरएक्स १०० च्या सायलेन्सरची ग्लासवूल घरी बदलता येईल का?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. बाबांची १९९४ ची यामाहा आरएक्स १०० आता माझ्याकडे आहे. दोन महिन्यांपासून तिचा आवाज बिघडलाय. आधी गोल, भरीव यायचा. आता पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा कडक येतो. सायलेन्सरच्या शेपटातून काळं तेल टपकतं, मागे बसलेल्याच्या पॅंटवर ठिपके पडतात. गॅरेजवाला म्हणतो, आतली वूल (आवाज शोषणारा काचेच्या तंतूंचा कापूस) संपली, नवा सायलेन्सर टाका. पण हा कंपनीचा मूळ सायलेन्सर आहे, क्रोमसुद्धा अजून चकचकीत आहे. टाकून द्यायला जीव होत नाही. वूल कुठली घ्यायची, कशी भरायची, कुणी स्वतः केलं असेल तर सांगा.

टूटी_तेल
दादा, नक्की जमतं, आणि सायलेन्सर कापावाही लागत नाही. पण आधी एक बघा. गाडी थंड असताना सुरू करा आणि सिलिंडरला जिथे सायलेन्सर जोडलाय तिथे नीट पाहा. तेलाचा ओला काळा ओघळ दिसला तर गॅस्केट (जोड बंद ठेवणारी चकती) गेलंय. निम्म्या वेळा फाटका आवाज तिथलाच असतो आणि लोक उगाच वूलला दोष देतात.

गॅस्केट ठीक असेल तर मागे वळा. शेपटाजवळ खालच्या बाजूला छोटा बोल्ट आहे, तो काढला की आतली बॅफल, म्हणजे वूल गुंडाळलेली भोकाभोकांची नळी, बाहेर येते. येते म्हणजे, सहज येत नाही! कार्बनने चिकटून बसलेली असते. बोल्टच्या भोकात आदल्या रात्री रॉकेल सोडा. सकाळी बॅफलचं तोंड पकडीत धरून आधी डावी-उजवीकडे फिरवा, सुटल्यावरच ओढा. सरळ ओढाल तर तोंडच तुटून हातात येईल.

बाहेर आली की भोकं मोजल्यासारखी एकेक मोकळी करा. आवाज या भोकांतून वूलमध्ये शिरतो आणि तंतूंमधल्या हवेत विरतो. तेलाने तंतू चिकटले की मध्ये हवाच उरत नाही, म्हणून जुनी वूल निकामी होते; पण भोकंच बुजलेली राहिली तर नवी वूलही उपयोगाची नाही. कार्बन गॅस टॉर्चने जाळून तारेच्या ब्रशने झाडा, मोकळ्या जागेत, धूर भयंकर होतो. पेट्रोल-रॉकेल पूर्ण वाळल्याशिवाय टॉर्च लावू नका.

वूल गुंडाळताना हात सैल ठेवा. बोटाने दाबून सोडली की फुगून परत वर आली पाहिजे. घट्ट भरली की आवाज शोषत नाही, फार सैल राहिली की महिन्याभरात उडून जाते. वरून बारीक तारेचे तीन-चार वेढे द्या आणि तारेची टोकं आत दुमडा, नाहीतर आत सरकवताना अडकतात.

भट्टीवाला
वूलबद्दल थोडं. छतात किंवा एसीच्या डक्टला असते ती पिवळी वूल घेऊ नका. तिच्यातलं चिकट द्रव्य तापल्यावर जळतं आणि तंतू सुटे होऊन मागून उडतात. सायलेन्सरसाठी मिळते ती लांब तंतूंची पांढरी वूल मागा. भट्टीची सिरॅमिक वूल काहीजण सुचवतील. ती ठिसूळ असते आणि तिची धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून मी स्वतः वापरत नाही.

काचेचे तंतू कातडीत शिरले की दोन दिवस खाज जात नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क, चष्मा हवाच. हात आधी थंड पाण्याने धुवा, चोळू नका. ते कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका, विशेषतः लहान मूल असेल तर.

कार्बनला कॉस्टिक सोडा वापरायचा असेल तर तो पाण्यात हळूहळू टाका, सोड्यावर पाणी कधीही ओतू नका. ॲल्युमिनियमचं भांडंही नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो.

घाटमाथा
मंडळी, आज बॅफल काढली. गॅस्केट चांगलं आहे. पण बॅफल जेमतेम वीतभर निघाली, पुढचं टोक करवतीने कापलेलं! आमच्या आधीच्या मालकाने आवाजासाठी कापली असणार. वूलचा तर मागमूस नाही. आता उरलेल्या तुकड्यावरच वूल गुंडाळू का?

टूटी_तेल
नको. अख्खी बॅफल मिळते, तीच आणा. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक इंजिनाचा सायलेन्सर नुसता आवाज दाबायला नसतो. धुरासोबत पेट्रोल-हवेचं थोडं ताजं मिश्रण बाहेर निसटतं, त्याला आतल्या शंकूवरून परतलेली दाबाची लाट पुन्हा सिलिंडरकडे ढकलते. मागची वाट बदलली की ते गणित बिघडतं, कमी वेगातला पिकअप जातो. नवी बॅफल टाकून वीसेक किलोमीटर चालवा आणि स्पार्क प्लग काढून बघा. विटकरी-तपकिरी असेल तर उत्तम. पांढरा असेल तर मिश्रण पातळ आहे (पेट्रोल कमी, हवा जास्त), तसंच पळवलंत तर पिस्टन धरेल, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकेल.

इंजिनात तेल सोडणाऱ्या ऑइल पंपाची केबलही तपासा. पंप जास्त तेल सोडत असेल तर नवी वूल पावसाळ्याआधीच भिजेल.

सिग्नल_हिरवा
कापलेल्या बॅफलवर शहरात फिरू नका. आवाजाचा गुन्हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये येतो, दंड १०,००० रुपयांपर्यंत आणि लायसन्सही निलंबित होऊ शकतं. जप्त केलेले सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात. मूळ सायलेन्सर जपायचा असेल तर हेही लक्षात असू द्या.

घाटमाथा
झालं! नवी बॅफल, वर वूलचा एक थर, तारेचे चार वेढे. पहिली दहा मिनिटं पांढरा धूर आला, जुनं तेल जळत होतं, मग थांबला. प्लग तपकिरी. केबलही सैल करून खुणेवर आणली. संध्याकाळी गाडी गल्लीत वळवली तेव्हा बाबा गच्चीवर होते. आवाज ऐकूनच खाली आले आणि म्हणाले, "चावी दे."