नवी बॅटरी तीन दिवसांत उतरते, गणपतीला गावी जायचंय. मदत हवी आहे

वाशिष्ठीकाठ
गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. रविवारी रात्री सोसायटीत लावली की बुधवारी सकाळी सेल्फ मारल्यावर नुसतं टक टक टक. मीटरवरचे दिवे मंदावतात आणि सगळं बंद. जुनी बॅटरी संपली असेल म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर नवी टाकली, तिचंही तेच. बॅटरीवाला म्हणतो बॅटरी उत्तम आहे, गाडीत फॉल्ट आहे. गॅरेजवाला म्हणतो गाडी उत्तम आहे, बॅटरी बदलून घ्या. धक्का मारूनही चालू होत नाही. पुढच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन ठाण्याहून चिपळूणला निघायचंय. नक्की काय बदलू? लवकर सांगा प्लीज.

घाटउतार
अल्टरनेटर गेलाय, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग. माझ्या गाडीला अगदी हेच झालं होतं. अल्टरनेटर बदला, प्रश्न मिटेल.

दहानंबरपाना
अहो, थांबा जरा. गाडी कुठली, पेट्रोल की डिझेल, गिअर हाताचे की ऑटोमॅटिक? बॅटरीची क्षमता किती, म्हणजे किती अँपिअर-अवरची? रोज चालवलीत तर काय होतं? बाहेरून काही बसवून घेतलंय का? हे कळल्याशिवाय काही सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

वाशिष्ठीकाठ
पेट्रोल हॅचबॅक, एएमटी, म्हणजे गिअर आपोआप पडतात, क्लच नाही. बॅटरी ३५ची. रोज ऑफिसला नेली तर काहीच होत नाही, पण आता दोन-तीन दिवस घरूनच काम असतं. बाहेरून काही बसवलेलं नाही. अल्टरनेटर नवा केवढ्याला पडेल?

दहानंबरपाना
एएमटी आहे म्हणून धक्क्याने चालू होत नाहीये, तो वेगळा दोष नाही. अल्टरनेटरला इतक्यात हात लावू नका. तो चार्ज करत नसता तर रोज चालवतानाच बॅटरी संपली असती आणि डॅशवरचा लाल बॅटरीचा दिवा लागला असता. तुमची गाडी उभी असताना उतरते. म्हणजे चावी काढल्यावरही काहीतरी करंट खातंय. मल्टिमीटर आहे का घरी? साधा चालेल. इंजिन चालू ठेवून टर्मिनलवर व्होल्ट बघा आणि इथे लिहा.

घाटउतार
लाल दिवा न लागताही अल्टरनेटर खराब असू शकतो. त्यातला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गेला तर इंजिन बंद असताना उलटा करंट वाहतो. मी अनुभवावरून बोलतोय.

दहानंबरपाना
डायोडचं बरोबर आहे, तसं होतं. पण तेही मोजूनच ठरवायचं ना? हजारो रुपयांचा भाग अंदाजाने बदलायला का सांगताय?

टोरांटोवासी
आमच्याकडे उणे पंचवीसला हाच त्रास होतो. थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि ऑइल घट्ट झाल्याने स्टार्टरला जोर जास्त लागतो. जास्त सीसीएची, म्हणजे थंडीत स्टार्ट करायची ताकद जास्त असलेली बॅटरी घ्या आणि रात्री इंजिन ब्लॉक हीटर लावून ठेवा. आम्ही पार्किंगमध्येच प्लग घेतलाय.

अंगणातली
दादा, ते ठाण्यात आहेत आणि भाद्रपद तोंडावर आलाय. इकडे बॅटरी मरते ती उकाड्याने.

जुना_सारथी
एवढा विचार कशाला? रात्री निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवायचं, सकाळी लावायचं. पूर्वी आम्ही जीपला कट-ऑफ स्विचच बसवत असू. आणि बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर बघा, प्लेटा उघड्या पडल्या असतील.

दहानंबरपाना
काका, हल्लीच्या बहुतेक बॅटऱ्या सीलबंद असतात, पाणी घालायला झाकणंच नसतात. टर्मिनल काढणं तात्पुरतं ठीक, पण रिमोटने लॉक होणार नाही, घड्याळ आणि काचांची सेटिंग जाऊ शकतात, आणि करंटची मूळ गळती तशीच राहील.

वाशिष्ठीकाठ
मीटर मिळाला. इंजिन चालू असताना १४.२. काल चार्जरवर पूर्ण भरल्यावर १२.७ होतं, आज संध्याकाळी गाडी न हलवता १२.४. हे चांगलं की वाईट?

दहानंबरपाना
१४.२ म्हणजे चार्जिंग व्यवस्थित. पण १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. एका दिवसात पाव बॅटरी गेली, हे वाईट. आता करंट मोजा, आणि नीट वाचून करा. मीटर डीसी अँपिअरवर, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात. दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्ह केबल सोडवा आणि मीटर केबल व टर्मिनल यांच्या मधे धरा. मीटर जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारू नका, स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज उडेल. बॉनेट आणि दाराच्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून ती बंद असल्याचं गाडीला भासवा. काच खाली ठेवा. किल्ली घरात ठेवून या.

खाडीवारा
चिपळूणला कुठल्या रस्त्याने जाताय? गणपतीत मुंबई-गोवा हायवेला माणगावला तासन् तास अडकायला होतं. एक्सप्रेस वेने पुणे, सातारा, कराड आणि मग कुंभार्ली घाट उतरा.

घाटउतार
एवढा वळसा? कशेडीचा बोगदा झाल्यापासून हायवेच बरा. पहाटे तीनला निघायचं.

खाडीवारा
पहाटे तीनला सगळेच निघतात. आणि पावसात अंधारात खड्डे दिसत नाहीत. सोबत आई-बाबा आहेत हे विसरू नका.

वाशिष्ठीकाठ
रस्त्याचं नंतर बघू. मीटर ३.२ अँपिअर दाखवतोय!! हे खूप आहे ना?

दहानंबरपाना
घाबरू नका, थांबा. केबल पुन्हा जोडली की गाडीतले कंट्रोल युनिट जागे होतात, त्यांना झोपायला वेळ लागतो. अर्धा तास काहीही हात न लावता तसंच ठेवा, मग वाचा. ५० मिलीअँपिअरच्या, म्हणजे ०.०५च्या खाली यायला हवं.

वाशिष्ठीकाठ
पाऊण तास झाला. ०.४१वर थांबलाय. खाली जात नाही.

दहानंबरपाना
सापडलं म्हणायचं. ०.४१ गुणिले २४ म्हणजे दिवसाला जवळपास १० अँपिअर-अवर. ३५ची बॅटरी साडेतीन दिवसांत पूर्ण रिकामी, आणि सेल्फ फिरणं त्याच्या बरंच आधी बंद. तुमचा रविवार ते बुधवार हिशेब जुळतो. रोज चालवलीत तर रात्रभरात गेलेलं बरंचसं भरून येतं, म्हणून तेव्हा कळत नाही. आता मीटर तसाच ठेवून काचेतून हात घालून डॅशखालचे फ्यूज एकेक काढा आणि परत लावा. कुठला काढल्यावर आकडा पडतो ते बघा. सुरुवात छतावरच्या दिव्यापासून आणि ऑडिओपासून.

अंगणातली
डिकीतला दिवाही बघा. झाकण लावल्यावर विझतो की नाही कळत नाही. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवा, झाकण लावा, मग बघा.

वाशिष्ठीकाठ
ऑडिओचा फ्यूज काढला की ०.०३! परत लावला की ०.४१. पण ती स्क्रीन तर बंदच असते.

दहानंबरपाना
कंपनीची स्क्रीन आहे?

वाशिष्ठीकाठ
नाही, मागच्या दिवाळीत दुकानातून अँड्रॉइड स्क्रीन आणि रिव्हर्स कॅमेरा बसवला. ते तर सगळेच बसवतात. चावी काढली तरी गाणं चालू राहतं, बाबांना गाडीत बसून ऐकता यावं म्हणून दुकानदाराने तशी सोय करून दिली. उतरताना मी बटण दाबून स्क्रीन बंद करतो.

दहानंबरपाना
हेच. स्टीरिओला पिवळी वायर असते ती कायम १२ व्होल्टची, मेमरीसाठी. लाल वायर चावीवरून यायला हवी, तिच्यावरून त्याला कळतं की गाडी बंद झाली, आता झोपायचं. दुकानदाराने लाल आणि पिवळी एकत्र पिळून टेप मारलीय. बटणाने फक्त काच काळी होते, आतला प्रोसेसर रात्रंदिवस चालू. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून लाल वायर सोडवून अशा वायरला जोडून घ्या जिथे चावी फिरवल्यावरच १२ व्होल्ट येतात. तोवर ऑडिओचा फ्यूज काढून ठेवा. रात्री मीटर लावून पुन्हा मोजा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

घाटउतार
माझ्याही गाडीत तसलाच स्टीरिओ आहे. अल्टरनेटर बदलल्यावर त्रास थांबला होता, पण त्यांनी तेव्हा वायरिंगही काढलं होतं. मी मोजून बघतो.

वाशिष्ठीकाठ
वायर बदलून घेतली. चावी काढली की स्क्रीन आपोआप बंद होते. अर्ध्या तासाने ०.०३. दहानंबरपाना, तुमचे मनापासून आभार. बॅटरीवाला आणि गॅरेजवाला दोघांपैकी एकानेही मीटर लावला नव्हता.

दहानंबरपाना
छान. निघण्याआधी बॅटरी ३-४ अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर लावा आणि लोड टेस्ट करून घ्या, म्हणजे भार टाकून बॅटरी टिकते का ते तपासून घ्या. गाडीच्या बॅटऱ्या वारंवार पूर्ण रिकाम्या झालेल्या सोसत नाहीत, प्लेटांवर सल्फेट बसतं आणि क्षमता कायमची घटते. टेस्टमध्ये नापास झाली तर वॉरंटीत बदलून मागा. जंपर केबल सोबत ठेवा. काळी केबल तुमच्या बॅटरीच्या निगेटिव्हला नको, इंजिनच्या उघड्या धातूला लावा, बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि ठिणगी तिथे नको.

अंगणातली
आमच्या स्कूटरची बॅटरीपण आठवड्यात उतरते. तिला अलार्म बसवलाय. हाच प्रकार करून बघू का? मीटरवर किती आकड्यापर्यंत चालेल?