प्रतिसाद: फुलं गळतात ती खतामुळेच का?

वर कुणीतरी 'टोमॅटोची फुलं गळतायत म्हणजे खत कमी पडलं' असं लिहिलंय. पटत नाही. कोथरूडला आमच्या गच्चीवर एप्रिलमध्ये हेच झालं होतं, आणि खत तर भरपूर होतं. (नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो, ते वेगळंच.)

टोमॅटोच्या फुलाचा देठ नीट बघा, मध्ये एक गाठ दिसते. फूल तुटतं ते तिथूनच. फुलातून ऑक्सिन (झाडाच्या वाढीचं एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन) खाली वाहत असतं तोवर ती गाठ इथिलीनला (फूल गळायला लावणाऱ्या संप्रेरकाला) दाद देत नाही. परागण फसलं की ऑक्सिन आटतं, मग इथिलीन आपलं काम करतं. परागण जमलं तर उलट: बीजांडांत (ज्यांचं पुढे बी होतं) ऑक्सिन वाढतं, त्याच्यामुळे जिबरेलिन हे आणखी एक संप्रेरक तयार होतं आणि दोघं मिळून फळ धरतात. म्हणजे फूल टिकणं आणि फळ धरणं हे एकट्या कुठल्याच संप्रेरकाचं काम नाही. जिबरेलिन बनवू न शकणाऱ्या झाडांत तर कळ्या अर्धवटच राहतात.

पुण्याच्या उन्हाळ्यात पारा ३५च्या वर गेला की परागकणच निकामी होतात. परागणाला मदत म्हणून सकाळी फुलांच्या घोसाला हलकी टिचकी मारून बघा. एनएए (ऑक्सिनसारखं काम करणारं कृत्रिम संप्रेरक) फवारणार असाल तर लेबलवरचंच प्रमाण घ्या, जास्त झालं तर पानं वाकडी होतात.