मदत हवी आहे: सेटलमेंटचा शेवटचा हप्ता दोन दिवस उशिरा भरला, आता वसुलीवाले पुन्हा मागे लागलेत

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडा लांबलाय, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहितो.

2020 मध्ये नोकरी गेली. तेव्हा क्रेडिट कार्डावर साधारण 80 हजार होते. काही महिने नुसता 'मिनिमम ड्यू' (बिलातली किमान रक्कम) भरत राहिलो (तो निव्वळ मूर्खपणा होता हे आता कळतं), मग तेही थांबलं. व्याज, लेट फी, त्यावर जीएसटी असं करत 2022 उजाडेपर्यंत आकडा 1,38,000 झाला. त्या वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला बँकेच्या वसुली एजन्सीचा एक माणूस आला. बोलायला बरा होता. 60 हजारांत सेटलमेंट ठरली (तेवढे भरले की बाकीचे माफ) आणि बँकेच्या लेटरहेडवर तसं पत्रही आलं. वीस-वीस हजारांचे तीन हप्ते: 10 फेब्रुवारी, 10 मार्च, 10 एप्रिल.

पहिले दोन नेटबँकिंगने वेळेवर भरले. 10 एप्रिलला नेमका रविवार. माझ्याकडे पैसे रोख होते, म्हणून त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "सोमवारी-मंगळवारी भरा साहेब, काही होत नाही." मंगळवारी, 12 तारखेला, शाखेतल्या मशीनमध्ये भरले. स्लिप पत्राला टाचली, फाइल माळ्यावर टाकली आणि सुटलो एकदाचा म्हणून विसरून गेलो. नो ड्यूज सर्टिफिकेट (काही बाकी नाही असा बँकेचा दाखला) मागायचं डोक्यातच आलं नाही.

आता गृहकर्जासाठी अर्ज केला. बँकेतल्या बाईंनी काही न बोलता स्क्रीन माझ्याकडे वळवली. क्रेडिट स्कोअर 591. त्या कार्डापुढे 'रिटन ऑफ' (बँकेने बुडीत धरलेलं) आणि थकबाकी 78,000. म्हणजे जी रक्कम सोडली होती ती जशीच्या तशी उभी! घरी येऊन फाइल काढली. पत्रात शेवटून दुसऱ्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलंय की एकही हप्ता मुदतीत आला नाही तर सवलत आपोआप रद्द. आणि 12 तारखेची स्लिप? पांढरा कागद. उजेडात तिरका धरला की एक-दोन आकडे दिसल्यासारखे वाटतात, बाकी सगळं उडालंय.

अर्ज केल्यापासून आठवड्याभरात फोन सुरू झाले. दिवसाला सहा-सात. एकदा रात्री सव्वानऊला. माझ्या मेहुण्यांनाही केला, कार्डाच्या फॉर्मवर रेफरन्स म्हणून त्यांचा नंबर दिला होता. परवा ऑफिसच्या रिसेप्शनवर केला. तिथल्या मुलीने निरोपाची चिठ्ठी चार घड्या घालून माझ्या टेबलावर कीबोर्डखाली सरकवली, म्हणजे शेजारच्याला दिसू नये. त्यावर "रिकव्हरी, अर्जंट" आणि नंबर. तिने बिचारीने जपलं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काल तर व्हॉट्सॅपवर 'अटक वॉरंट' आलं, त्यात माझं आडनावच चुकीचं आहे.

फोनवरचा माणूस म्हणतो, आज 2,000 'टोकन' टाका, जीपेचा नंबर देतो, आणि 'उरलेली रक्कम हप्त्याने फेडीन' असं एका कागदावर सही करून फोटो पाठवा, मग त्रास बंद. बायको म्हणते, भरून टाका आणि मोकळे व्हा. एकजण 15 हजारांत स्कोअर 750 करून देतो म्हणतोय.

काय करू? दोन हजार टाकू का? आणि खरंच अटक होऊ शकते का?

हिशेबनीस

टोकन टाकू नका. सही तर अजिबात करू नका. तुमचं शेवटचं पेमेंट 12 एप्रिल 2022 चं. अशा थकबाकीसाठी दिवाणी दावा लावायची मुदत 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षं. ती उलटलीय. मुदत चालू असताना लेखी कबुली दिली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मुदत संपल्यावर नुसत्या कबुलीने तसं होत नाही, पण "मी फेडीन" असं सही करून दिलं तर करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे ते नवं वचन धरता येतं आणि त्यावर दावा चालू शकतो. त्याला दोन हजारांशी काही देणंघेणं नाही, त्याला तो कागद हवाय.

मुदत संपली म्हणजे कर्ज पुसलं गेलं असं मात्र समजू नका. क्रेडिट रिपोर्टवर ते दिसत राहणारच.

चष्मा_विसरलो

अटक वगैरे काही नाही. कार्डाचं बिल थकणं हा गुन्हा नाही, दिवाणी बाब आहे. चेक किंवा ऑटो-डेबिटचं मँडेट (खात्यातून आपोआप पैसे वळते करायची परवानगी) बाउन्स झालं असेल तर गोष्ट वेगळी, त्यात फौजदारी कलमं आहेत. तुमच्या बाबतीत तसं दिसत नाही. वॉरंट कोर्ट काढतं, ते व्हॉट्सॅपवर वसुलीवाला पाठवत नाही. तो मेसेज डिलीट करू नका, तोच पुरावा. लोकअदालतीची नोटीस आली तरी घाबरू नका, तिथे तडजोड दोघांच्या मर्जीनेच होते.

सरळ_बोल

मला विचाराल तर वहिनी बरोबर बोलताहेत. 78 हजार भरा, क्लोज्ड (पूर्ण फेडून बंद) करून घ्या. गृहकर्जाच्या व्याजात पाव टक्का जास्त लागला तर वीस वर्षांत याहून जास्त जाऊ शकतात. हट्टाला पेटून काय मिळणार?

निवृत्त_शाखाधिकारी

सरळ_बोल यांचं गणित चुकीचं नाही, पण क्रम चुकतोय. आधी कागद, मग पैसा. तीस-बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची काही वसुली विभागात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अर्ज केल्यावर फोन आले हा योगायोग नाही. जुन्या थकबाकीदाराने कुठे नवं कर्ज मागितलं की कर्जदात्याला सूचना जाते, अशी सेवा क्रेडिट ब्युरो (लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या) विकतात. म्हणजे तुम्ही गरजू आहात हे त्यांना कळलंय आणि सगळा जोर त्यावरच आहे.

आता स्लिपचं. थर्मल कागद उडतोच, म्हणून आम्ही लोकांना झेरॉक्स काढून ठेवायला सांगायचो, कोणी ऐकायचं नाही. पण स्लिप गेली म्हणून नोंद गेली नाही. एप्रिल 2022 चं कार्ड स्टेटमेंट तुमच्या जुन्या ईमेलमध्ये शोधा. नसेल तर बँकेकडे खात्याचा पूर्ण उतारा लेखी मागा.

तुमचा खरा मुद्दा कायद्यापेक्षा साधा आहे. बँकेने 12 तारखेचे 20 हजार घेतले. परत केले नाहीत. सवलत रद्द झाल्याचं पत्र धाडलं नाही. (धाडलं होतं का? आठवून बघा.) मग तीन वर्षांनी उठून रद्द कसं? हे दहा ओळींत लिहा, सेटलमेंटचं पत्र आणि स्टेटमेंट जोडा आणि बँकेच्या तक्रार कक्षाला मेल करा. रागावून लिहू नका. आमच्याकडे चार पानी शिव्याशाप यायचे, त्यातली तारीख शोधताना जीव जायचा.

या तक्रारीचा आणखी एक उपयोग लोकांना ठाऊक नसतो. वसुली एजंटांबद्दल रिझर्व्ह बँकेने 2008 मध्ये बँकांना जे निर्देश दिले, त्यात म्हटलंय की ग्राहकाची तक्रार प्रलंबित असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत प्रकरण एजन्सीकडे पाठवू नये. उगाच वारंवार तक्रारी करणारा असेल तर अपवाद. तेव्हा तक्रार क्रमांक मिळाला की फोनवर एवढंच सांगायचं: "तक्रार क्रमांक अमुक, बँकेशी बोला." बाकी वाद घालू नका. आणि समोरच्याचं नाव, एजन्सी, बँकेचं अधिकारपत्र मागा. खोटा असेल तर तिथेच फोन ठेवतो.

रात्री सव्वानऊचा फोन, मेहुणे, ऑफिस: 2022 च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलंय की थकीत वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, आणि घरच्यांना, रेफरन्सला, मित्रांना छळायचं नाही. चारचौघांत अपमान, धमकीचे मेसेज, खोटी बतावणी, सगळं त्यात आलं. एजंट काय करतो याला बँक जबाबदार, "एजन्सी वेगळी आहे" हे उत्तर चालत नाही. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट वेगळ्या मेलने पाठवा. थकबाकीचा वाद आणि छळाची तक्रार एकत्र कालवू नका, एकाच्या उत्तरात दुसरी बुडते.

बारीक_टाइप

+1. ब्युरोकडेही ऑनलाइन डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची हरकत) टाका, फुकट असतं. चार ब्युरो आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क. चौघांचाही पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा मोफत मिळतो. माझ्या बाबतीत सिबिलमध्ये दुरुस्ती झाली होती आणि दुसऱ्या एकात जुनंच पडून होतं, कर्ज देणाऱ्याने नेमका तोच काढला. 30 दिवसांत निकाली काढलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, एप्रिल 2024 पासून हा नियम आहे. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर घसरत नाही. पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकल्याने घसरतो, तेव्हा तूर्तास नवे अर्ज बंद.

तो 15 हजारवाला: बँकेने दुरुस्त माहिती पाठवल्याशिवाय ब्युरोला स्वतःहून नोंद बदलता येत नाही. तोही हाच डिस्प्यूट टाकणार, वर तुमचा ओटीपी मागणार.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. निवृत्त_शाखाधिकारी काका, स्टेटमेंट सापडलं! बंद केलेल्या ईमेलचा पासवर्ड आठवायला दोन दिवस गेले. 18 एप्रिल 2022 चं पीडीएफ, त्यात "पेमेंट रिसीव्ह्ड 12/04 – 20,000.00 सीआर" (म्हणजे जमा). बायकोला उठवून दाखवलं. आणि नाही, रद्द झाल्याचं पत्र कधीच आलं नाही, मेलही शोधून पाहिला. दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या पाठवल्या, क्रमांक मिळाले. सिबिलवर डिस्प्यूट टाकला, बाकी तीन रिपोर्ट मागवलेत.

एक शंका. समजा बँकेने मान्य केलं, तर कार्डापुढे 'क्लोज्ड' येईल का?

निवृत्त_शाखाधिकारी

नाही. 'सेटल्ड' येईल, थकबाकी शून्य. गृहकर्जवाला त्यालाही नाक मुरडतो, कारण त्याचा अर्थ बँकेने नुकसान सोसलं असा होतो. पण 'रिटन ऑफ, 78 हजार बाकी' आणि 'सेटल्ड, बाकी शून्य' यांत जमीन-अस्मानाचा फरक.

एकदा शून्य झालं की वसुलीवाला बाजूला होतो आणि तुम्ही बँकेशी बरोबरीने बोलता. तेव्हा हवं तर सोडलेली रक्कम भरून 'क्लोज्ड' करून घ्या. त्यात मुद्दल किती, व्याज आणि दंड किती, याचा तपशील आधी मागा. तुमचं मुद्दल 80 हजार, भरलेत 60, म्हणजे घासाघीस करायला भरपूर जागा आहे. ठरेल ते आधी मेलवर, पैसे थेट कार्ड खात्यात, आणि नो ड्यूज हातात येईपर्यंत पाठ सोडायची नाही. सरळ_बोल यांचं ऐकायची वेळ ती.

30 दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथल्या तक्रारींसाठीच्या सीएमएस पोर्टलवर ऑनलाइन तक्रार होते, फी नाही, वकील लागत नाही. ब्युरोविरुद्धची तक्रारही तिथेच चालते.

सरळ_बोल

हे मान्य. क्रम महत्त्वाचा, माघार घेतो.

बारीक_टाइप

स्कोअर मात्र लगेच उडी मारणार नाही, तयारीत राहा. एखादी एफडी ठेवून तिच्यावर कार्ड घ्या, मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत वापरा, पूर्ण बिल भरा. मिनिमम ड्यू हा शब्द विसरा.

धागाकर्ता

अपडेट, 26 व्या दिवशी. फोन तक्रारीनंतर चौथ्या दिवशी थांबले. मधे एकदा आला, तक्रार क्रमांक सांगून अधिकारपत्र मागितलं तर पलीकडून "बघतो" म्हणून ठेवून दिला. आज बँकेचा मेल आलाय: 12/04/2022 चा भरणा सेटलमेंटपोटी ग्राह्य धरला आहे, ब्युरोंना सुधारित माहिती पाठवत आहोत. छळाच्या तक्रारीवर "चौकशी सुरू आहे" एवढंच. ती सोडणार नाही.

मुद्दल-व्याजाचा तपशील आजच मागितला. मेलची प्रिंट काढली, साध्या कागदावर, आणि झेरॉक्सही. फाइल आता माळ्यावर नाही, कपाटात आहे.