गल्ला कोळणीकडे, मग होडी कोणाच्या नावावर?

किनारा_कोथरूड: कालच्या पोस्टमध्ये एकाने लिहिलंय की कोळीवाड्यात बाईचंच राज्य, पैसा तिच्या कमरेला, तिथे समानता कधीचीच आली. डोकं फिरलं वाचून. माझी आत्या पहाटे मुंबईत भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या लिलावाला उभी राहायची, पाटी घेऊन लोकलच्या लगेज डब्यातून परत, मग दुपारपर्यंत विक्री, घरी आल्यावर स्वयंपाक आणि वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या बांबूंवर, बोंबील टाकायचे. गल्ला तिच्याकडे, खरं आहे. पण त्यातून बर्फ, डिझेल, खलाशांचे पैसे आधी जायचे. होडी काकांच्या नावावर, मच्छिमार सोसायटीचे सभासद काका, डिझेलवरचा सरकारी परतावा काकांच्या खात्यात. हे कसलं राज्य?

सदाशिव_पेठी: वादळात जीव कोण घालतो, ताई? नवरा. आणि माझ्या आजीला भाजीच्या पैशांचा हिशेब आजोबांना द्यावा लागायचा. कोळीण निदान स्वतः भाव ठरवते. हे काहीच नाही?

भिगवणची_लेक: सगळे समुद्रावरच का बोलता? उजनी धरणात माझी आई वडिलांबरोबर होडीत बसायची, जाळ्यातून चिलापी मासे सोडवायची, मग बाजारातही तीच. तरी कागदावर मच्छिमार एकच, वडील.

वाकड_फ्लॅट१२: मला पुण्याचं बोलायचंय. आमच्या सोसायटीने मासेवालीला गेटवरच बंदी केली. वास येतो म्हणे. ॲपवरून पापलेट मागवलं की त्याच गेटमधून येतं!

शाकाहारी_औंध: वासाचा त्रास खरंच होतो. लिफ्टमध्ये पाणी ठिबकतं. आम्ही काय गुन्हा केला?

वाकड_फ्लॅट१२: मग खाली जागा द्या, नळ द्या! २०१४ चा पथविक्रेता कायदा काय कपाटात ठेवायला केलाय?

शाकाहारी_औंध: सोसायटीचं आवार म्हणजे रस्ता नव्हे. कायदा नीट वाचा.

वाकड_फ्लॅट१२: बरं, आवाराचं मान्य. ती आता गेटबाहेर फुटपाथवर बसते, तर तिथूनही उठवायला तक्रार कुणी केली?

किनारा_कोथरूड: भांडा, पण यातही माझंच म्हणणं आलं. रस्त्यावर बसून शिव्या खाणारी बाईच असते. पावसाळी मासेमारीबंदीत डिझेलच्या होड्या बंद, तेव्हा वाळवलेली सुकट-सोडे विकून घर तीच चालवते.

सदाशिव_पेठी: होडीच्या नावाचं घ्या, मान्य. पण केंद्राच्या २०२० च्या मत्स्य संपदा योजनेत बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवलं, बाकीच्यांना ४०. सरकार काहीच करत नाही असं म्हणू नका.

भिगवणची_लेक: त्या वाढीव वीस टक्क्यांसाठी आमच्याकडे एका वहिनीच्या नावाने अर्ज गेला. सही तिची, व्यवहार दिराचा. होडी कधी विकायची, कर्ज कुणाकडून काढायचं, हे तिला विचारतात का ते सांगा, मग आकडे सांगा.

सदाशिव_पेठी: एका वहिनीवरून सगळा समाज ठरवू नका.

किनारा_कोथरूड: आणि तुम्ही एका आजीवरून ठरवलंत ते? मच्छिमार सोसायटीचं सभासदत्व नवरा-बायको दोघांच्या नावे द्या, परतावा दोघांच्या खात्यात टाका. एवढंच मागतेय मी. यात तुमचं काय जातं?