रोबो आणि माणूस जोडीने काम करतील, पण वेग कोण ठरवणार?

मानकोली_नाका: काल इथे एकाने लिहिलं, भिवंडीच्या गोदामांत एआय आलं की माथाडींची अडवणूक संपेल, रोबो आणि माणूस जोडीने राबतील, कुणाचीच नोकरी जाणार नाही. वाचून राहवलं नाही. मी पडघ्याकडच्या एका गोदामात शिफ्ट सांभाळतो. रोबो अख्खा रॅक उचलून पिकरपुढे, म्हणजे ऑर्डरचा माल काढणाऱ्यापुढे आणतो, ही किवा या रोबो बनवणाऱ्या कंपनीची पद्धत. ॲमेझॉनने २०१२ मध्ये ती कंपनीच विकत घेतली. पायपीट वाचते, कबूल. पण वाचलेला वेळ पिकरच्या वाट्याला येत नाही. एक रॅक हलला की दुसरा हजर. दिवसभर एकाच जागी उभं राहून वाका, हात वर करा. जुलैत खोके ओलसर होतात, बारकोड पुसटतो, स्कॅनर वाचत नाही. मग नंबर हाताने टाकावा लागतो आणि सिस्टिम तो वेळ रिकामा धरते. आमच्याकडच्या एका मुलीला कॉन्ट्रॅक्टरने याच कारणाने घरी पाठवलं. मी भांडलो, तर म्हणाला रिपोर्ट बघा. रिपोर्टमध्ये ओला खोका कुठून दिसणार?

हिशेबनीस: म्हणजे यंत्रच नको? माझा माल तिथे असतो. दिवाळीआधी कुठला माल पुढच्या रॅकवर हवा, हे सॉफ्टवेअर आधी सांगतं, चुकीचे साइज जाणं थांबतं. आणि अडवणूक खोटी आहे का? ट्रक लागला की गेटवर चार जण येतात, पेटीला हात न लावता पैसे मागतात.

कोपरखैरणेकर: त्यांना माथाडी म्हणू नका! माझे वडील पाटणहून आले, मसाला मार्केटला पाठीवर पोती वाहिली. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा कायदा झाला. मालक मजुरी आणि त्यावर ठरावीक टक्के जादा रक्कम, म्हणजे लेव्ही, माथाडी बोर्डात भरतो, त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार. त्यावर आम्ही शिकलो. खंडणी मागणारे बोगस युनियनवाले वेगळे.

हिशेबनीस: गेटवर कोण बोगस आणि कोण खरा, मी कसं ओळखू? तक्रार केली तर "तुमचं तुम्ही मिटवा" ऐकावं लागतं. २०२३ मध्ये माथाडी कायद्याचं दुरुस्ती विधेयक आलं, त्यालाही तुमच्याच संघटना आडव्या आल्या.

कोपरखैरणेकर: कारण बोगसांच्या नावाखाली खऱ्यांचं संरक्षण काढलं जाईल ही भीती होती. मानकोलीच्या पोस्टमधल्या मुलीची बोर्डात नोंद असती, तर "उद्यापासून येऊ नको" इतकं सहज म्हणता आलं असतं?

अंजूरफाटा: पाच मिनिटांत पॅक झालेला माल आमच्या रस्त्यावर तासन्‌तास उभा राहतो. आधी रस्ते करा, मग रोबो आणा.

मानकोली_नाका: रस्त्याचा धागा वेगळा काढा. मी यंत्र नको म्हटलेलं नाही. २०१८ मध्ये टेस्लात जास्तीचं ऑटोमेशन ही चूक होती, असं खुद्द इलॉन मस्कने लिहिलं. माणूस लागणारच. टार्गेट ठरवताना त्याच पिकरला विचारा, आणि बारकोड वाचला नाही तर तो वेळ वगळा, एवढंच मागतोय.

हिशेबनीस: ओल्या खोक्याचा वेळ वगळा, ठीक आहे, पटलं. पण पिकरची लेव्ही माझ्या बिलात लावू नका.

कोपरखैरणेकर: मग कोणाच्या बिलात? माल तुमचा, फायदा तुमचा.