पायदुखीसाठी व्हिटॅमिन डीची पुडी? जरा थांबा
ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) मुलाचे पाय दुखले की व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची साप्ताहिक पुडी सुचवली जाते, ती परस्पर देऊ नका. आधी रक्तातलं २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (म्हणजे डीची पातळी) आणि कॅल्शियम तपासा. पातळी २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर सहसा मोठा डोस लागत नाही. पुड्या थांबवायच्या राहून गेल्या की रक्तात कॅल्शियम चढू शकतं: उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान. आणि हे सगळं केमोच्या नावावर खपून जातं, खरी गोम तिथेच आहे. पायदुखीचं म्हणाल तर व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाने नसा दुखावतात, त्यावर डीचा इलाज नाही. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड घेणारं मूल, विशेषतः १० वर्षांपुढचं, खुबा किंवा गुडघा दुखून लंगडू लागलं तर डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा. सुरुवातीचा अस्थिनाश (हाडाचा भाग मरणं) साध्या एक्स-रेत दिसत नाही. डीसाठी उन्हात बसवणंही जपून, मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधावर कातडी लवकर भाजते.