लेकरू घरी आलं आणि माझी प्रार्थना आटली

राहुरीच्या बाई:
सर्वांना सलाम. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अडीच वर्षांपूर्वी माझा मुलगा सातव्या महिन्यातच झाला. वजन 1150 ग्रॅम. नगरला 46 दिवस काचेच्या पेटीत होता. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय आत सोडायचे नाहीत. नाकातल्या नळीतून एका वेळी दोन मिली दूध जायचं. पेटीच्या भोकातून मी एक बोट आत घालायचे, तो ते धरायचा. बस, एवढीच भेट.

त्या दिवसांत प्रार्थना करावी लागत नव्हती, होत होती. “प्रभू, आजची रात्र.” एवढीच. ऑक्सिजनचा आकडा घसरला की घंटी वाजायची, आणि घंटी वाजली की माझ्या तोंडी “प्रभू”. भीती गेली नव्हती, खोटं कशाला बोलू. पण बाहेरच्या बाकड्यावर बसले की शेजारी कोणीतरी बसलंय असं वाटायचं.

आता पोरगं घरभर पळतं, काल तांदळाचा डबा उपडा केला. आणि माझी प्रार्थना? जेवणाआधीची एका दमात उरकते. रात्रीची सुरू केली की मधेच पोषण आहाराची नोंद राहिल्याचं आठवतं, आणि मग झोप. ते शेजारी बसणारं कोणी आता जाणवत नाही. मग तेव्हाची ती प्रार्थना होती की नुसती भीती?

आणखी एक आहे. शेजारच्या पेटीतलं बाळ नवव्या दिवशी गेलं. त्याची आई नेवाशाकडची. तिच्या पदराला मोहटादेवीच्या अंगाऱ्याची पुडी बांधलेली असायची. माझ्याइतकीच ती जागत होती. आता चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, रविवारी मंडळीत साक्ष द्या, देवाने काय केलं ते सर्वांसमोर सांगा. “प्रभूने माझं ऐकलं” म्हणायला उभी राहिले की मला ती पुडी दिसते. काय करू?

विश्वासवीर:
ताई, विश्वास डळमळला की असंच होतं. 21 दिवस उपवास-प्रार्थना करा. आमेन.

वसईचा वाडीवाला:
उपवासाचं राहू द्या हो, पोर सांभाळून शाळेत जाते ती बाई.
ताई, आम्ही कॅथलिक, आमच्याकडे मन लागायची वाट बघत बसत नाहीत. रात्री आठला जपमाळ. मारियेचे पन्नास नमस्कार आणि सुरुवातीचे तीन, मन असो नसो. माझे वडील तिसऱ्या दशकाला, म्हणजे तिसऱ्या दहा नमस्कारांना, पेंगायचे, आई कोपराने ढोसायची. माझं निम्मं लक्ष केळीच्या भावात असायचं, आजही असतं. लहानपणी मला ते ढोंग वाटे. मग 2018 च्या जुलैत वसईत पाणी भरलं. आमच्या घरात गुडघाभर, वीज नाही, आई ऐंशीची, तिला खाटेवर बसवलेली. त्या रात्री नवे शब्द शोधायचं त्राण कोणात होतं? तोंडाला पाठ होतं तेच आलं. मी तरी पेंगत केलेल्या जपमाळा वाया गेल्या असं मानत नाही.

निवृत्त सिस्टर, दौंड-केडगाव:
बाई, मी 14 वर्षं नवजात विभागात काढली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भीतीने केलेली प्रार्थना खोटी, हे कोणी सांगितलं? येशूचा शिष्य पेत्र पाण्यात बुडायला लागला तेव्हा तीनच शब्द बोलला, “प्रभुजी, मला वाचवा.” तुमच्या “प्रभू, आजची रात्र”इतकेच.

दुसऱ्या आईचं. कच्ची फुप्फुसं, जंतुसंसर्ग, मेंदूतला रक्तस्राव, एवढ्याशा जिवाला शंभर वाटांनी धोका असतो. कोणत्या आईने किती प्रार्थना केली यावर बाळं वाचताना मी पाहिलेली नाहीत. आमच्या केडगावच्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. बाईंनी तिच्यासाठी प्रार्थना केली नसेल? तरी पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, भाषांतर त्यांनी सोडलं नाही. एप्रिल 1922 मध्ये त्याही गेल्या, पुस्तक 1924 मध्ये छापून आलं. त्याच शास्त्रातलं स्तोत्र 88 काढून वाचा. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात, हे शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं. तरी ते शास्त्रात आहे, कोणी वगळलं नाही.

“बाळ वाचलं” हे डिस्चार्ज कार्डावरही लिहिलेलं असतं. बाकड्यावर शेजारी कोणी होतं, हे मात्र तुम्हीच सांगू शकता. साक्ष द्यायचीच तर ती द्या. नाही दिली तरी चालेल.

आणि रोजचं म्हणाल तर, हात धुताना मी मनात प्रभूची, म्हणजे येशूने शिकवलेली, प्रार्थना म्हणायचे. “हे आमच्या स्वर्गातील पित्या”पासून “आमेन”पर्यंत संथ म्हटली की हातही नीट धुऊन होतात. पाळीत वीस-पंचवीस वेळा व्हायची. मन लागायचं का? कधीकधी.

राहुरीच्या बाई:
सिस्टर, दादा, आभारी आहे. साक्ष दिली नाही. पाळकसाहेबांना विचारलं, स्तोत्र 88 वाचू का. जरा थांबले, मग म्हणाले वाच. वाचून झाल्यावर आमेन म्हणायचं की नाही हे कोणाला कळेना, मागे कोणीतरी खोकलं. वही मिटून बसले. घाम फुटला होता, पण बरं वाटलं.

त्या नेवाशाकडच्या आईचा नंबर फोनमध्ये “चार नंबर पेटीची आई” म्हणून होता. लावला. नवऱ्याने उचलला, ती कांदा काढायला गेली होती. सांगतो म्हणाला. अजून तिचा फोन नाही. पुन्हा लावावा की नको, ठरत नाही.

हात धुण्याचं मात्र सुरू केलंय, पोराचे हात हातात घेऊन. प्रार्थनेतली “रोजची भाकर” आली की तो “भाकल” म्हणतो आणि ओले हात सोडवून चुलीकडे पळतो. त्यामुळे पुढची प्रार्थना सध्या मी एकटीच, नळ बंद करता करता.